जीपवाल्याच्या मोबाईलवरून आलेला मेल

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस एकमेकींत मिसळून गेल्या. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला हेही कधीकधी आठवत नाही. ही एक घटना मात्र अजून स्पष्ट आठवते. संबंधित माणसे नाशिकमध्येच राहतात, त्यामुळे कोणाचेही नाव घेणार नाही.

मी तेव्हा शहरातील एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी निफाडकडचे एक शेतकरी आणि त्यांचा थोरला मुलगा ठाण्यात आले. शहरात दिलेली त्यांची मुलगी आदल्या दुपारपासून घरात नव्हती. ती एका कंपनीचे काम घरून करायची. लॅपटॉप आणि एक पिशवी तिच्यासोबत गेली होती, मोबाईल मात्र घरातच चार्जिंगला लावलेला सापडला. जावई त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. त्यानेच रात्री सासुरवाडीला फोन करून ही बातमी कळवली होती.

"साहेब, मिसिंग काय लिहिता? खून लिहा," भाऊ म्हणाला. "ह्यानंच काहीतरी केलंय."

वडिलांनी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवले.

अशा वेळी आम्ही दोन्ही बाजूंचे ऐकतो आणि कोणावरही लगेच विश्वास ठेवत नाही. मिसिंगची नोंद घेतली आणि तपास आमच्या महिला हवालदारांकडे दिला. शांत बाई, समोरच्याला बोलू देण्याची त्यांची हातोटी होती.

भावाने एक गोष्ट पुढे केली. आदल्या संध्याकाळी त्याला बहिणीचा मेल आला होता. त्यात दोनच ओळी होत्या, "मी ठीक आहे. मला काही दिवस एकटीला राहू द्या, शोधू नका."

"ती मला कधी मेल करत नाही, साहेब. तिला काही सांगायचं असलं तर फोन करती नाय तर बोलून मेसेज टाकती. हा मेल ह्यानंच टाकलाय. पासवर्ड असंलच ह्याच्याकडं."

तर्क चुकीचा नव्हता. माणसाला गायब करून त्याच्याच नावाने निरोप पाठवल्याची प्रकरणे मी पाहिली होती. मेल कोणत्या जोडणीवरून आला, ते शोधायला सायबर शाखेकडे पत्र पाठवले.

त्याच दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला. बोलणारी बाई त्या जोडप्याच्याच इमारतीतली असावी. ती म्हणाली, "त्यांच्याकडे काल सकाळी खूप भांडण झालं. आणि तिच्या नवऱ्याने एक मोठी बॅग गाडीच्या डिकीत टाकून नेली. एकट्याला धड धरताही येत नव्हती." एवढे सांगून तिने फोन ठेवला.

मी जावयाला समोर बसवले. भांडण झाल्याचे त्याने कबूल केले. बॅग नेल्याचेही कबूल केले.

"बॅगेत काय होतं?"

"कपडे."

"कोणाचे?"

तो गप्प झाला. मी पाणी दिले. पुन्हा विचारले. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाहेर बाकावर बसलेला मेहुणा हे दारातून पाहत होता. त्याच्या दृष्टीने खटला तिथेच संपला होता.

शेवटी मी दार लावून घेतले आणि खुर्ची टेबलाच्या अलीकडे, त्याच्या शेजारी आणली. मग तो बोलू लागला.

"आमचं बाळ आठव्या महिन्यात गेलं, साहेब. सगळी तयारी झाली होती. झबली, दुपटी, टोपडी, सगळं तिने स्वतः धुऊन कपाटात लावलं होतं. ती रोज ते कपाट उघडून बसायची. मला बघवत नव्हतं. काल ती झोपलेली असताना मी सगळं बॅगेत भरलं आणि ओझरला ताईकडे ठेवून आलो. वाटलं, दिसणार नाही तर विसरेल. परत आलो तर ती उघड्या कपाटासमोर उभी होती. म्हणाली, मला विचारलं पण नाहीस."

ओझरला माणूस पाठवला. बॅग तिथेच होती, त्याने सांगितले तशीच. मला त्याचे म्हणणे खरे वाटले. पण मला वाटणे म्हणजे पुरावा नाही. बाई अजून मिळालेली नव्हती आणि त्यांच्यात टोकाचे भांडण झाल्याचे आता त्यानेच सांगितले होते. शिवाय अशा मनःस्थितीतली बाई स्वतःच्या जिवाचे काही करून घेईल, ही भीती वेगळीच. गोदावरीच्या गंगाघाटावर आणि धरणाच्या बाजूला आमची माणसे फिरत होती. फोन वाजला की पहिल्याच घंटेला मी उचलायचो.

मग सायबर शाखेचे उत्तर आले. मेल ज्या इंटरनेट जोडणीवरून गेला, ती एका मोबाईल नंबरची होती. नंबर सुरगाणा तालुक्यातल्या एका जीपचालकाचा. वणी ते सुरगाणा प्रवासी वाहतूक करणारा माणूस.

भावाला हे कळले आणि तो उठून थेट जावयाच्या अंगावर धावला. दोघा शिपायांनी त्याला धरले. "जीपवाल्याला गाठून डोंगरात नेऊन टाकली माझ्या बहिणीला!" तो ओरडत होता. म्हातारे वडील मात्र बाकावरून हलले नाहीत. ते हात जोडून नुसते बसले होते. मला त्यांच्याकडे पाहणे कठीण झाले.

जीपचालकाला ठाण्यात आणले. चाळिशीचा, काटक, डोक्याला रुमाल. चेहऱ्यावर भीती होती, पण ओठ घट्ट मिटलेले.

"तुमच्या मोबाईलवरून मेल गेलाय."

"मला मेल-बिल काय समजत नाय, साहेब. मी फोनवर बोलतो आन गाणी आयकतो."

"ही बाई ओळखता?" मी फोटो पुढे केला.

त्याने फोटो पाहिला आणि नको तितक्या लवकर परत सरकवला. "नाय."

त्याचा फोन तपासला. बाईचे मेल खाते त्यात कधी उघडलेच नव्हते. जावयाचा नंबरही नव्हता. म्हणजे तो मेलबद्दल खरे बोलत होता आणि फोटोबद्दल खोटे. हे दोन्ही एकत्र कसे बसते, ते मला उमगेना. आवाज चढवून पाहिला, उपयोग झाला नाही. तो एकच वाक्य म्हणत राहिला, "मी कायबी वाईट केलं नाय."

वरिष्ठांना तातडीने अहवाल पाठवायचा होता आणि ठाण्यातले इंटरनेट नेहमीप्रमाणे बंद पडले होते. हवालदार बाईंनी आपला मोबाईल काढला, त्यातले हॉटस्पॉट सुरू केले आणि लॅपटॉप त्याला जोडला. आम्हाला हे रोजचेच होते. जीपचालक समोरच बसला होता. तो त्यांच्या हाताकडे निरखून पाहत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "फोन चार्जरला लावा. लॅपटॉपला नेट दिलं का ब्याटरी लवकर उतरते."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. आपण काय बोलून गेलो हे त्याच्याही लक्षात आले आणि त्याचा चेहरा उतरला.

आता दरडावण्यात अर्थ नव्हता. बाईंनी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि साध्या आवाजात विचारले, "दादा, तुमच्या फोनचं नेट तुम्ही कोणाच्या लॅपटॉपला दिलं होतं?"

"तिला शोधायला तुमाला तिच्या घरच्यांनी धाडलं ना?"

"हो. तिचा बाप बाहेर बसलाय. त्याला वाटतंय, पोरगी मेली."

तो दचकला. "मेली? आवो, ती बरी हाय! चांगली हाय!"

मग सगळे बाहेर आले. त्या संध्याकाळी वणीत जीप भरायची वाट पाहत तो उभा होता. पुढच्या सीटवर ही बाई बसली होती आणि तिचे डोळे रडून सुजले होते. तिने लॅपटॉप काढला आणि म्हणाली, "दादा, मोबाईल घरी राहिलाय. तुमच्या फोनवरून जरा नेट जोडू का? घरी कळवायचंय." कुठे दाबायचे ते तिनेच त्याला दाखवले. उतरताना म्हणाली, "मी इकडे आले हे कोणाला सांगू नका."

"मी शब्द दिला, साहेब. मला वाटलं, नवरा मारत आसंल. तुमी तिला वढून नेऊन त्याच्या हवाली केली आसती तर?"

मी त्याला सांगितले की सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध आम्ही कोणाच्याही हवाली करत नाही, आणि सोबत घरचे कोणी येणार नाही. त्याने मला नीट पाहून घेतले. मग म्हणाला, "चला. दवाखान्यातल्या नर्सबाईकडं उतरली ती. मी दावतो."

हवालदार बाई, मी आणि तो, असे आम्ही निघालो. घाट चढताना माझ्या मनात एकच होते, ती तिथे असू दे.

ती होती. आरोग्य उपकेंद्रामागच्या खोलीच्या ओट्यावर त्या नर्स मैत्रिणीबरोबर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड वाळत घालत होती. पोलीस पाहून उभी राहिली.

"मी मेल केला होता. पोचला नाही का?"

"पोचला," हवालदार बाई म्हणाल्या. "कोणाला खराच वाटला नाही."

तिने हातातला पापड ताटात ठेवला. "फोन केला असता तर सगळे रडले असते. मग मी परत गेले असते. मला थोडे दिवस कोणी काही सांगायला नको होतं, एवढंच."

तिचा जबाब घेतला. ती स्वतःच्या मर्जीने आली होती आणि अजून आठवडाभर तिथेच राहणार होती. तो तिचा हक्क होता. मी फक्त एक विनंती केली, वडिलांशी बोला. थोड्या अंतरावर रेंज येत होती. मी ठाण्यात फोन लावून तिच्या हातात दिला.

पलीकडे काय घडले ते ठाणे अंमलदाराने मला नंतर सांगितले. "आबा, मी आहे" एवढे ऐकले आणि म्हाताऱ्याच्या हातून फोन सुटला. तो भावाने उचलला. भाऊ बहिणीवर भरपूर ओरडला, मग ओरडता ओरडता रडला. शेवटी त्याने फोन जावयाकडे दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. जावई फक्त म्हणाला, "तुला पाहिजे तेव्हा ये."

ती आली, ठरवलेल्या दिवशी, स्वतःच्या पायाने.

मोबाईल ज्याच्या नावावर आहे त्यानेच त्यावरून सगळे केले असे नसते, हे आम्ही त्यानंतर नव्या पोरांना शिकवू लागलो. नंबर सापडला तरी पुढे विचारावेच लागते, की हे नेट आणखी कोणी वापरले का. पण मी स्वतः शिकलो ते जरा वेगळे होते. त्या तपासात दोन माणसे माझ्यासमोर गप्प बसली आणि दोघेही मला आधी गुन्हेगार वाटले. एक दुःखामुळे गप्प होता, दुसरा एका अनोळखी बाईला दिलेल्या शब्दामुळे. गप्प बसलेल्या माणसाला तुम्ही काय लपवता, असे आम्ही सवयीने विचारतो. तो कोणाला जपतो आहे, हे मी त्यानंतर विचारू लागलो, आणि अनेकदा त्यानेच वाट सापडली.

मिसिंगच्या कितीतरी प्रकरणांत मी घरच्यांना मृतदेहाची ओळख पटवायला बोलावले आहे. या प्रकरणात मी माझ्या हाताने शेरा लिहिला, 'सुखरूप मिळून आली', आणि पेन खाली ठेवून बराच वेळ त्या तीन शब्दांकडे पाहत राहिलो.