हूड घरी ठेवू नको

प्रल्हादभाऊंचा डावा डोळा माझ्या लग्नात दगडाने फोडला.

उजवा आज सकाळी मिटला.

भाऊ माझे आतेभाऊ. मूळचे पिंपळनेरचे, बोलणं अर्धं अहिराणी. जळगावात त्यांचं सीट कव्हर शिवायचं दुकान होतं.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या माझ्या भाच्याने, निखिलने, एक सेकंड हँड कन्व्हर्टिबल, छताचा कापडी हूड मागे टाकता येणारी गाडी, बघितली आणि फॅमिली ग्रुपवर विचारलं, "घेऊ का? कुणाला अनुभव आहे?"

अख्ख्या खानदानात अनुभव एकाच माणसाला. भाऊंनी व्हॉइस मेसेज टाकला. सकाळपासून तोच ऐकतोय.

"निखिल, रंग दखू नको. रंग कुणीबी मारतं. मॅट उचल, खाले हात घाल. ओलं लागलं तर चहा पिऊन घरी ये."

"हूड तू स्वतः उघड, तू स्वतः लाव. विकणाऱ्याच्या हातात बठ्ठं सोपं दिसतं."

"तळाला पाणी जायची भोकं असतात. ती मोकळी ठेव."

"गाडी बुटकी शे. रस्ता आधी पायी बघून ये."

"आणि हूड घरी ठेवू नको. कधीच नको."

निखिलने थम्सअप टाकला. त्याला वाटलं, भाऊंना पावसाची काळजी.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. धुळ्यात एका जिनिंगवाल्याच्या शेडमध्ये जुनी विलायती स्पोर्ट्स कार पडून होती. दोन सीट. हूडच्या चिंध्या. त्या चिंध्या बघूनच भाऊंनी ती घेतली. कापड शिवणं त्यांच्या हातचं होतं.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक. लग्न पहूरच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. आज तिथे वाढणाऱ्या पोरांचा काय दोष?

भाऊंनी आधीच जाहीर केलं होतं, "नवरा-नवरी उघड्या गाडीतून निघतील!"

पण सीट दोनच. म्हणून मागे, जिथे हूडची घडी बसते, तिथे गादी टाकून आम्हाला उंच बसवायचं ठरलं. त्यासाठी भाऊंनी हूड सांगाड्यासकट काढला आणि जळगावला दुकानात ठेवला.

गाडी बघून माझे सासरे, आबा, आधी चावडीकडे बघू लागले.

आमच्या बौद्ध वस्तीच्या वराती गावाबाहेरच्या गाडरस्त्याने जायच्या. चावडीपुढून आमचं कुणी गाडीघोड्यावर बसून गेलेलं नव्हतं.

"बाहेरूनच काढा, भाऊ," आबा म्हणाले.

भाऊंनी काढून बघितली. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत गाडीचं पोट टेकलं. पोरांनी उचलून मागे घेतली.

"उतरून चालत जाऊ," मी म्हणालो.

सुनंदा, माझी नवरी, म्हणाली, "शाळेत मी चावडीवरूनच जायचे. आज का उतरू?"

चावडीपाशी ट्रॅक्टर आडवा लावलेला होता.

पहिला दगड हेडलाइटवर.

दुसरा ढोलवाल्याच्या तोंडावर. तो तोंड धरून पळाला, बोटांतून रक्त.

मग चावडीवरची माणसं पाठीमागून आली. आम्ही उंचावर, पाठ उघडी.

एकाने कॉलर धरून मला मागे खेचलं. दुसऱ्याने सुनंदाचा अंबाडा मुठीत धरला. "उतर! उतर खाली!"

लाठी माझ्या बरगड्यांवर बसली. मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

आबांच्या थोरल्या मुलाने सुनंदाला सोडवायला हात घातला. त्यांनी तो हात कोपरातून उलटा वळवला.

भाऊंनी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्याने आम्हाला एकेक करून पुढे ओढलं. सीटखाली, पायाशी दाबलं.

"डोकं खाले! माझ्याकडे दखू नका!"

वर कापडसुद्धा नव्हतं. पुढची काच फुटलेली. भाऊ ताठ बसून राहिले. कुणाला तरी रस्ता दिसायला हवा होता.

मी फक्त दगडाचा आवाज ऐकला. भाऊंनी गिअर टाकला.

ट्रॅक्टर आणि चावडीचा ओटा यांच्यामधून गाडी दोन्ही बाजू सोलून घेत निघाली.

जळगावपर्यंत त्यांनीच चालवली. रक्त गालावरून मांडीवर, मांडीवरून तळाला. माझं डोकं त्यांच्या पायाशी. पाणी जायच्या भोकांतून ते रस्त्यावर गळताना मी बघत होतो.

डोळा गेला.

केस झाली. साक्षीदार फुटले. सगळे सुटले.

गाडी विका, असं सगळ्यांनी सांगितलं. भाऊंनी नवा हूड शिवला. दुहेरी कॅनव्हास, आतून ताडपत्री.

पुढे धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं. तेच गाव. भाऊ तीच गाडी घेऊन हजर. हूड लावलेला. आम्हाला बरं वाटलं.

मेहुणी आणि तिचा नवरा एकाच सीटवर खेटून बसले. मागे अख्खी वस्ती चालत होती. या वेळी आमच्याही हातात काठ्या होत्या.

चावडीपुढे भाऊंनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

उतरले. खटके सोडले. हूड मागे टाकला, घडी नीट बसवली.

ओट्यावर माझी कॉलर धरणारा बसला होता. म्हणाला, "काय रे, एक डोळा पुरला नाही का?"

"अजून एक शे ना," भाऊ म्हणाले. "बघ टाकून."

कुठून तरी एक दगड आला. बॉनेटवर आपटून पडला. मागच्या काठ्या वर झाल्या. भाऊंनी हात करून आम्हाला थांबवलं आणि स्टार्टर मारला.

माणसाच्या चालीने गाडी चावडीपुढून गेली. त्यांनी वेग वाढवला नाही.

त्यानंतर वस्तीची एकही वरात गाडरस्त्याने गेली नाही.

परवा निखिलने पुन्हा विचारलं होतं, "मामा, मग हूड बंद ठेवूनच चालवू का?"

भाऊंचा तो शेवटचा मेसेज.

"अरे, मंग उघडी गाडी लिधी कसाले? हूड सोबत ठेव. आणि उघडून फिर."

दुपारी शववाहिनी आली होती. वरून बंद, काचा काळ्या.

सुनंदाने परत पाठवली.

उघड्या टेम्पोतून नेतोय, भाऊ.

अखेरचा जयभीम.