मोठ्याने गाणं ऐकणारे काका

आमच्या काकांइतक्या मोठ्याने गाणं ऐकणारा माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नाही. म्हणजे आवाज वाढवून ऐकणारे पुष्कळ असतात, ते सोडा. काकांचा स्पीकर नेहमी हळूच असतो, मोठा आवाज असतो तो त्यांचा स्वतःचा. हे काका माझे कोणी सख्खे नव्हेत, आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचे यजमान. मूळचे मिरजेचे, गेली कित्येक वर्षं वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मी नोकरीला इथे आले तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले होते आणि पहिल्याच दिवशी चहा ओतत असताना मागून अचानक "मार डाला" असं ऐकून मी कप सोडला होता. काका सोफ्यावर छातीवर हात ठेवून, डोळे मिटून बसलेले. कानात हेडफोन. काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "काही नाही गं, सम आली असेल."

काकांना स्वतःला गाता येत नाही, काही वाजवता येत नाही, पेटीवर बोट ठेवलं तर पेटीच घाबरते. पण लहानपणापासून मिरजेत मैफिलींना सतरंजीवर पुढे बसून त्यांनी एकच गोष्ट कमावली, ती म्हणजे दाद. त्यात पायऱ्या आहेत. सूर नुसता बरा लागला तर "हं". चांगला लागला तर "अहाहा". जागा घेतली तर "वा", आणि त्या 'वा'मधला आकार जागेच्या लायकीप्रमाणे लांबतो. त्याच्यावर "क्या बात है", आणि सगळ्यात वरती ते "मार डाला". शिवाय सम आली की हात खाली येतो, आणि तो शेजारी जो कोणी असेल त्याच्या गुडघ्यावर येतो. एकदा ऑफिसातल्या कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाला चर्चमध्ये ऑर्गन वाजत होता, काकांनी "क्या बात है" म्हटलं, तर पाद्री वाजवणाऱ्याला थांबवून विचारायला लागला की कोणाला बरं वाटत नाहीये का. काकू तेव्हापासून लग्नांना मागच्या रांगेत बसतात. मी एकदा विचारलं, "काका, जरा दाबता नाही येत का?" तर म्हणाले, "अगं, सूर लागला की निघतं तोंडातून. शिंक आली तर दाबतेस का तू?" काकू तिथूनच, "शिंकेला माणूस रुमाल तरी धरतो."

इथे रविवारी दुपारी रूहेत्साइट असते, रूहे म्हणजे शांतता, कोणी काही आवाज करायचा नाही, ड्रिल नको, व्हॅक्यूम नको, वर्तमानपत्र पण हळू उलटायचं. काका नियम पाळणारा माणूस, म्हणून हेडफोन लावून ऐकायचे. आता खालच्या मजल्यावरून विचार करा. वर संपूर्ण शांतता. दहा मिनिटं काही नाही. मग एकदम "अहाहा". परत शांतता. मग "वा". खालचे आजोबा (मी त्यांना खालचे आजोबाच म्हणायचे, कारखान्याच्या पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेले, उंच, कमी बोलणारे) एका रविवारी वर आले. तक्रार करायला आले होते, की घरात कोणाला त्रास होतोय का, मदत हवी का, आणि हवी नसेल तर कृपया बंद करा. काकांनी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला. आजोबा उभेच राहिले. मग बसले. तास गेला. काकू अजून सांगतात की त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी त्या माणसाने न विचारता खाल्ली, काय आहे हेसुद्धा नाही विचारलं. मग उठले आणि म्हणाले, आल्झो, म्हणजे बरं तर, आता तुम्ही खाली चला.

खाली पेडल स्टील गिटार होती. म्हणजे टेबलासारखी आडवी, खाली पायाने दाबायचे पेडल, आणि तारांवरून एक लोखंडी कांडी सरकवायची. अमेरिकन कंट्री संगीतात ती रडायचं काम करते. आजोबा तरुणपणापासून गावाबाहेरच्या वेस्टर्न क्लबात ती वाजवायचे. हे क्लब पाहिले नाहीत तर जर्मनी पाहिली नाही. आठवडाभर पत्रा कापणारी माणसं शनिवारी काऊबॉय टोप्या आणि टोकदार बूट घालून ओळीत उभी राहून नाचतात, चेहरे एकदम गंभीर, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे. सगळ्यांचं लक्ष पावलांकडे. आजोबांनी जन्मभर अशा लोकांसाठी वाजवलं जे स्वतःच्या बुटांकडे बघत होते. त्यांनी कांडी सरकवून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर मींड घेतली मात्र, काकांचा हात त्यांच्या गुडघ्यावर आला आणि तोंडातून "वा" निघाला. आजोबांनी वाजवणं थांबवलं. म्हणाले, काही चुकलं का? काका म्हणाले, नाही हो, परत घ्या ती.

मग दर रविवारी तेच. खालच्या आजी मला सांगायच्या की आमच्याकडे हल्ली रूहेत्साइटमध्ये बाकी सगळं असतं, फक्त रूहे नसते. काकांच्या जर्मनला काही व्याकरण नव्हतं, आजोबा तसेही वाक्यं पूर्ण करत नसत, त्यामुळे दोघांचं छान जमलं. आजोबांची एक स्वतःची चाल होती, संथ, नाव नसलेली. क्लबात ती कधीच वाजली नाही, कारण तिच्यावर कोणाला नाचता येईना. ती फक्त त्यांच्या स्वयंपाकघरात वाजायची आणि ऐकायला काका. आजोबा आजारी पडले, हात चालेना झाला, तेव्हा एकदा म्हणाले की ही तुझ्याशिवाय कोणी ऐकलीच नाही. काका म्हणाले, "सगळ्यांना ऐकवतो. शब्द देतो." एवढंच. मग आजोबा गेले.

आजोबांचा पुतण्या कोलोनला असतो, जॅझमध्ये डबल बास वाजवतो. त्याने ठरवलं की आपल्या काकाच्या, म्हणजे खालच्या आजोबांच्या, आठवणीत एक कार्यक्रम करायचा, क्लबातले कंट्रीवाले आणि कोलोनचे जॅझवाले एकत्र, क्लबाच्याच हॉलमध्ये, लोकांसमोर, आणि ते सगळं लाइव्ह रेकॉर्ड करून अल्बम काढायचा. आमच्या काकांनी एकच हट्ट धरला, ती संथ चाल घ्यायची. ती लिहिलेली कुठेच नव्हती. काकांच्या फोनवर तेवढी होती, स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेली, मागे किटलीची शिट्टी आणि पुढे अहाहा. पुतण्या त्याच्यावरूनच ती शिकला. उलट म्हणाला की तुमच्या ओरडण्याची मदत होते, ओळ कुठे संपते ते कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलंय.

तालमींना मी काकांना गाडीतून सोडायचे आणि थांबायचे, कारण ते बघायला मिळणं भाग्य होतं. जॅझवाले एक ओळ घेऊन तिला इतकं फिरवायचे की क्लबाचे अध्यक्ष टोपी काढून विचारायचे, गाणं गेलं कुठे? कंट्रीवाले तीच ओळ पुन्हा पुन्हा सरळ वाजवायचे, तर सॅक्सोफोनवाला घड्याळ बघायचा. मध्ये आमचे काका. "हे बघा, तुम्ही स्थायी धरा, ते विस्तार करून येतात, समेवर भेटा." एक अक्षर कोणाला कळत नव्हतं, पण काका हात खाली आणायचे तिथे सगळे भेटायचे. अध्यक्ष मान डोलवून म्हणायचे, "गेनाऊ," अगदी बरोबर. मला वाटतं त्या अल्बमच्या दोन बाजू एकत्र बांधणारा कोणी असेल तर तो पेटीला घाबरवणारा हा माणूस. स्टील वाजवणारं क्लबात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आजोबांची जागा सॅक्सोफोनवाल्याने घ्यायची ठरली.

कार्यक्रम रविवारी दुपारी. पुतण्याने सुरुवातीलाच सांगितलं की जलद गाण्यांना हवा तेवढा दंगा करा, पण शेवटची चाल संथ आहे, तिथे कृपया टाचणीसुद्धा पाडू नका. खालच्या आजींनी काकांना हाताला धरून पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं, बरोबर माइकसमोर. काकूंनी त्यांच्या तोंडात लिमलेटची गोळी घातली. "अहो, चावू नका, चघळा. शेवटपर्यंत पुरवा." आणि काकांनी दुपारभर कमाल केली. बँजोवर नुसतं हं. फिडलवर डोळे मिटले. आजूबाजूला टोपीवाले "यीहा" ओरडत होते, जॅझवाल्यांचे मित्र प्रत्येक सोलोनंतर टाळ्या देत होते, आणि काका ओठ आवळून, हात मांडीखाली दाबून. मी इतक्या शिस्तीत त्यांना इन्कम टॅक्सच्या ऑफिसातही पाहिलं नाही.

मग ती चाल आली. सॅक्सोफोनवाल्याने ती तालमीत नीट वाजवली होती, नुसती नीट. त्या दिवशी त्याला काय झालं माहीत नाही. शेवटच्या ओळीला त्याने वरून खाली सूर असा सरकवत आणला, तारेवर कांडी सरकते ना अगदी तसा, आणि जिथे आजोबा यायचे तिथेच येऊन थांबला. आणि काका म्हणाले, "अहाहा, वा, आला रे." मोठ्याने. हॉलभर. खालच्या आजींचा गुडघा त्यांच्या हाताखाली. मागे कोणीतरी "श्श" केलं, दोघं हसले. चाल संपली, टाळ्या झाल्या. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. गोळी तोंडात तशीच होती.

अल्बम आला. ती चाल नव्हती. पुतण्याने मेल केला, वाईट नव्हता मेल, मनापासून लिहिलेला, की शेवटच्या ट्रॅकवर प्रेक्षकांतला व्यत्यय आहे, तो सगळ्या माइकमध्ये गेलाय, नाइलाज आहे. व्यत्यय. बाकी सगळ्या ट्रॅकवर ते यीहा आहेत, एकूण एक. ज्या माणसांनी आजोबांकडे कधी मान वर करून पाहिलं नाही त्यांचं यीहा ठेवलंय, का तर माहौल. टाळ्या ठेवल्यात, कारण जॅझला टाळ्या असतात. आभारांच्या यादीत सॉसेज भाजणाऱ्याचं नाव आहे. मी ते वाचून इतकी चिडले की पुतण्याला लांबच्या लांब उत्तर लिहिलं आणि काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाठवू नकोस. त्याने सांगितलं होतं गप्प बसा म्हणून. माझ्या मित्राची चाल मीच बाहेर काढली आणि मीच घालवली." असं म्हणून चपला घालून घराबाहेर निघून गेले. काकू दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "ती गोळी देण्याऐवजी मी हात धरून बसायला हवं होतं."

दोन दिवसांनी काका माझ्याकडे आले, एकटे, काकूंशिवाय पहिल्यांदा. पुतण्या म्हणाला होता की आवाज साफ करून दिलात तर ऑनलाइन अल्बमला शेवटी जोडतो. "तू कॉम्प्युटरवाली ना," काका म्हणाले, "मला तेवढं त्यातून काढून दे." मला वाटलं सोपं असेल, हल्ली सगळं निघतं. पण काकांचा 'वा' कुठे बसला होता, तर नेमका त्या शेवटच्या सुरावर, दोन्ही एकत्र, एकाच उंचीला. त्यांना काढलं की सूर पण जायचा. मी कमी केलं, जास्त केलं, दुसरं सॉफ्टवेअर लावलं. शेवटी जे निघालं त्यात काका नव्हते, पण सूर वरून छान खाली येतो आणि पोचायच्या ठिकाणी एकदम पातळ होतो, पायरी चुकल्यासारखा. मी म्हटलं, "काका, जीवच गेला त्याचा. हे नका देऊ. मूळचं तुमच्यापाशी ठेवा, ते किती सुंदर आहे."

काकांनी दोन्ही ऐकले. मूळचा ऐकताना मान खाली. मग म्हणाले, "मूळचं मी ऐकलंय गं. लोकांनी नाही ऐकलं. हे पाठव."

पाठवलं. आता ती चाल आहे तिथे, आजोबांच्या नावाने, कोणीही ऐकू शकतं. फार लोक ऐकत नाहीत. काका हल्ली गाडीत बातम्या लावतात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळे टाळ्या देतात तेव्हा तेही देतात, गाणं संपल्यावर, बाकीच्यांइतक्याच. काकूंनी मला फोनवर विचारलं की कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं का यांना.

मागच्या आठवड्यात त्या चालीखाली कोणा अनोळखी माणसाने लिहिलंय की फार सुंदर, पण शेवटच्या सुराला काय झालं, तिथे काहीतरी होतं का? मी रोज त्याचं उत्तर टाईप करते आणि पुसते, कारण काकांनी बजावलंय की तिथे काही लिहायचं नाही, रेकॉर्ड मित्राचं आहे, माझं नाही. इथे लिहू नको असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणून सांगते, होतं. तिथे एक माणूस होता, आणि त्याचा मित्र नुकताच येऊन पोचला होता.