अरडूसी आणि अरडूसा

काढा कडू होता, पण तो कडूपणा अडुळशाचा नव्हता. मी पुन्हा चमचाभर जिभेवर घेतला, थुंकलो, आणि टाकीखालचा बर्नर बंद करायला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, साहेब, लॅबचा रिपोर्ट तर येऊ द्या. मी म्हटलं, येऊ दे, पण आधी बंद कर.

हा बुऱ्हाणपूरच्या बाहेरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना. मालक गुजराती सेठ. मी तिथे प्रॉडक्शनचा वैद्य होतो. कच्चा माल गेटमधून आत आल्यापासून बाटलीला झाकण लागेपर्यंत औषधाची जबाबदारी माझी. त्या दिवशी खोकल्याच्या सिरपची बॅच लागली होती, आणि त्या सिरपचा सगळा जीव अडुळशात.

अडुळसा म्हणजे माणसाच्या उंचीचं झुडूप. फुलं पांढरी, पानं लांबट, भाल्याच्या पात्यासारखी. छातीत चिकटलेला कफ सुटा करायला हे पान फार जुन्या काळापासून वापरतात. ताजं पान पिळलं तर रस जेमतेम निघतो. ते आधी वाफवावं लागतं, मग रस सुटतो. तो मधातून देतात. हीच पानं गरम करून दुखऱ्या सांध्यावर बांधतात. गरोदर बाईला मात्र अडुळसा द्यायचा नाही, हे आमच्या बाटलीवर ठळक छापलेलं असे. वाळलेल्या पानाला चहापत्तीसारखा वास येतो. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून आमच्याकडे केळीच्या बागेला अडुळशाचं कुंपण करतात.

मी गोदामाकडे निघालो. दारात चौकीदार रहीमचाचांची शेळी एका फाटक्या पोत्यात तोंड घालून उभी होती. चाचांना विचारलं, कधीपासून खाते आहे? ते कौतुकानं म्हणाले, "सुबह से, वैद्यजी. आपकी दवाई इसको बहुत पसंद आई."

तिथेच समजलं. तरी खात्री करायची म्हणून मूठभर चुरा कोमट पाण्यात भिजवला आणि पानाचे तुकडे काचेवर पसरले. अडुळशाच्या पानाची कड सरळ असते. या तुकड्यांना करवतीसारखे दात होते. हा महारुखाचा पाला होता. महारुख हा मोठा वृक्ष. त्याची साल वैद्य तापावर, हगवणीवर वापरतात. पाला शेळ्यांना आवडतो. खोकल्याच्या सिरपात त्याचं काही काम नाही.

ही भिजवून बघायची तपासणी पोती उतरवतानाच करायची असते. तो नियम मीच घातलेला होता. त्या वेळी ती राहिली, कारण माल देवचंदभाऊंचा होता.

देवचंदभाऊ फोपनारचे. गुळवेल, शतावरी, झाडांच्या साली, असा माल ते आम्हाला पुरवत. त्यांच्या पोत्यात कधी काडीकचरासुद्धा सापडला नव्हता. अडुळसा आम्ही त्यांच्याकडून घेत नव्हतो, तो बहादरपूरच्या एका बागायतदाराच्या कुंपणाचा येई. त्यानं कुंपण काढून तार लावली, म्हणून पहिल्यांदा देवचंदभाऊंना ऑर्डर दिली. फोनवर. ऑर्डर मी दिली होती.

आता मालाची चूक कुठे झाली ते सांगतो. सेठ अडुळशाला अरडूसी म्हणत. गुजरातीत तेच नाव आहे. रोज कानावर पडून फोनवर मीही त्यांचा शब्द घेतला. पण माझ्या मराठी कानाला ती 'सी' खटकली. अडुळसा पुल्लिंगी, मग ती अरडूसी कशी? मी व्याकरण सुधारलं आणि 'अरडूसा' म्हटलं. गुजरातीत अरडूसी म्हणजे झुडूप आणि अरडूसो म्हणजे महारुख. आपल्याकडचे हिंदी बोलणारेही महारुखाला अरडूसा म्हणतात. देवचंदभाऊंची सासुरवाडी सुरतेकडची, त्यांना हे दोन्ही शब्द पक्के ठाऊक. त्यांनी विचारलं, अरडूसाच ना? मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी जरा चिडून म्हटलं, अहो हो, अरडूसाच.

बॅच ओतून टाकली. एकही बाटली बाहेर गेली नाही, हे नशीब. सेठनी देवचंदभाऊंना गोदामात बोलावून घेतलं आणि त्यांच्यादेखत मला विचारलं, "वैद्यजी, आपने क्या मंगवाया था?"

मी म्हणालो, "अडुळसा."

देवचंदभाऊ माझ्याकडे वळले. "वैद्यजी, फोनवर तुम्ही अरडूसा बोल्ले. मी दोनदा इचारलं. अडुळसा पाह्यजे होता तं अडुळसा बोलाचं ना."

त्या क्षणी मला तो फोन शब्दन् शब्द आठवला. आणि मी म्हणालो, "भाऊ, मी मराठी माणूस. अडुळशाला दुसरं काय म्हणणार?"

बिनतोड वाक्य होतं. सेठना पटलं. देवचंदभाऊंनी रिकामं पोतं उचललं आणि ते गेले. सेठनी इतवाऱ्यातल्या जडीबुटीच्या दुकानांवर सांगून ठेवलं की फोपनारच्या देवचंदचा माल भेसळीचा निघाला. बुऱ्हाणपुरात या धंद्याला इतवाऱ्यापलीकडे बाजार नाही. देवचंदभाऊंचा धंदा तिथेच संपला. ते आपल्या केळीच्या बागेत परतले. मी नोकरीत राहिलो, निवृत्तीला शाल-श्रीफळ घेतलं, आणि भाषणात कोणीतरी म्हणालं की वैद्यजींच्या जिभेनं एकदा अख्खी बॅच पकडली. तेही मी ऐकून घेतलं.

सेठ आता नाहीत. कारखाना त्यांचा मुलगा बघतो, सगळे त्याला छोटे सेठ म्हणतात. माल बघायला तो मला अधूनमधून बोलावतो. परवा गेलो तर समोर देवचंदभाऊंची मुलगी सुनंदा बसली होती. तिनं बागेच्या कडेनं अडुळसा लावला आहे, सॅम्पल घेऊन आली होती. म्हणाली, "काका, भिजवून बघा. मला घाई नाही."

पान भिजवलं. कड सरळ, वास चहापत्तीचा, रंग हिरवट. उत्तम माल. तसं सांगितलं. छोटे सेठ मला आतल्या खोलीत नेऊन म्हणाले, "माल तो अच्छा है. लेकिन इनके पिताजी का मामला आपको पता है ना?"

"पता है," मी म्हटलं. "वो मामला मेरा था."

मग तिला आत बोलावून दोघांसमोर सगळं सांगितलं. फोन, सी आणि सा, गोदामातलं ते वाक्य. छोटे सेठनी ऑर्डरचं पुस्तक पुढे ओढलं. सुनंदानं त्यांना विचारलं, ऑर्डर कोणाच्या नावानं काढताय? ते म्हणाले, आप बोलो. ती म्हणाली, बाबांच्या. मग उठताना माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या घरी हे तुम्हीच येऊन सांगा. मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी फोपनारला गेलो. देवचंदभाऊ ओट्यावर बसले होते. कानानं कमी ऐकतात, त्यामुळे मला हे सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारची दोन माणसं थांबून ऐकत होती. भाऊंनी पूर्ण ऐकलं. ऑर्डर त्यांच्या नावानं निघाली, हेही मी सांगितलं.

"ते बरं झालं," ते म्हणाले. "पण मले बाद केलं इतवाऱ्यात. कारखान्यात सांगून काय होते?"

म्हणून मी इतवाऱ्यात गेलो. पहिल्याच दुकानात मालकाच्या मुलाला म्हटलं, फोपनारच्या देवचंदभाऊंबद्दल बोलायचं आहे. तो म्हणाला, "उनका माल हम नहीं लेते." का, असं विचारलं. "पता नहीं. पिताजी नहीं लेते थे."

पुढच्या दुकानातही तेच. प्रकरण कोणाला आठवत नव्हतं, बंदी मात्र सगळ्यांना पाठ होती. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आधी देवचंदभाऊंवरचा आळ सांगावा लागला आणि मग तो खोडावा लागला. एक म्हातारे दुकानदार सगळं ऐकून म्हणाले, "वैद्यजी, एका वेलांटीवरून माणूस घालवला तुम्ही." मी म्हटलं, वेलांटीवरून नाही, वेलांटी चुकली ते मान्य न केल्यावरून. मी बरोबर नेलेलं सुनंदाचं सॅम्पल त्यांनी ठेवून घेतलं. आणखी एकानं घेतलं. बाकीचे बघू म्हणाले. मी पुढच्या बाजारीही जाणार आहे.

या धंद्यात नव्यानं आलेल्या वैद्यांना एवढंच सांगतो. सप्लायरला वनस्पतीचं नाव सांगून थांबू नका, पान हातात द्या. आणि त्यानं तेच दोनदा विचारलं, तर चिडू नका. त्याला काहीतरी माहीत असतं.