मऊ खेकड्यांची परतफेड

खेकडा हाताला मऊ लागला तर तो घेऊ नये, हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. त्यापलीकडे माझं शिक्षण फारसं झालेलं नाही.

आठवीतच मी वेंगुर्ल्याच्या शाळेला रामराम ठोकला. तरीही आज मी अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला राहतो, ते केवळ ताई आणि भाऊजींमुळे. भाऊजींनी आमचे कागद लावले, वर्षानुवर्षं वाट पाहिली, आल्यावर छप्पर दिलं, मित्राच्या दुकानात चिकटवलं. या उपकारांच्या ओझ्याखाली मी इतका वाकलोय की आपोआप उघडणाऱ्या दारालाही ‘थँक्यू’ म्हणतो!

भाऊजींवरही एक उपकार होता. ऑफिसच्या कामाने ते जपानला गेले असताना तिथल्या इतो-सान नावाच्या सहकाऱ्याने त्यांना पहाटे उठवून बंदरावरच्या बाजारात नेलं आणि नेमका त्या दिवसांतच मिळणारा ताजा मासा खाऊ घातला. ही गोष्ट भाऊजी दर दिवाळीला सांगतात. (मासा दर दिवाळीला थोडा मोठा होतो.) आता तेच इतो-सान अमेरिकेत येणार होते आणि फेडायची पाळी भाऊजींची होती.

“नंदू,” भाऊजी म्हणाले, “खाडीवरच्या माणसाकडे सीझनचे खेकडे बुक केलेत. मी एअरपोर्टला चाललोय. तू बघून घेऊन ये. तुला कळतं त्यातलं.”

तुला कळतं त्यातलं! अमेरिकेत आल्यापासून हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी ठरवलं, आज जीव गेला तरी चालेल, पण भाऊजींच्या पाहुण्याच्या ताटात हलका माल पडू द्यायचा नाही.

गाडी बायको चालवते. (मी परीक्षेत नापास झालो. परीक्षकाला बघून इतका घाबरलो की गाडीऐवजी वायपर चालू केले.) शुभा माळकरी घरातली. वॉशिंग्टन ओलांडून चेसापीकच्या खाडीवर पोचलो, तशी तिने काचा वर केल्या आणि नाकाला ओढणी लावली.

“अहो, मी इथेच बसते. इंग्रजी अडलं तर फोन करा.”

“खेकड्यांत मला इंग्रजी लागत नाही,” मी ऐटीत म्हणालो.

रबरी बूट घातलेल्या दाढीवाल्याने भाऊजींचं नाव ऐकताच पेटी पुढे केली. आत ओल्या कागदावर खेकडे पाळणाघरातल्या पोरांसारखे ओळीने निजलेले. मी एकाच्या पाठीवर अंगठा दाबला. अंगठा आत! दुसरा दाबला. तोही लोण्यासारखा! अख्खी पेटी कात टाकलेल्या खेकड्यांची. आमच्याकडे असलं काही जाळ्यात आलं तर पुन्हा पाण्यात सोडतात. खाल्लं तर तोंडात नुसतं पाणी! माझ्या देवमाणूस भाऊजींना भरदिवसा गंडवत होते!

मी पेटी त्याच्याकडे परत सरकवली.

“नो गुड,” मी म्हणालो. “सॉफ्ट!”

“येस सर!” तो छाती फुगवून म्हणाला. “ऑल सॉफ्ट!”

चोर तो चोर, वर शिरजोर!

“माय ब्रदर-इन-लॉ, व्हेरी गुड मॅन. नो चीटिंग! आय वॉन्ट हार्ड. लाइक स्टोन!”

त्याने मान तिरकी केली. “यू शुअर?”

“व्हेरी शुअर!”

त्याने खांदे उडवले आणि मऊ पेटीच्या बदल्यात टणक, चिडलेल्या, नांग्या उगारलेल्या खेकड्यांची भलीमोठी टोपली दिली. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या साहेबाने ती नाकारलेली पेटी छातीशी धरली आणि मोकळ्या हाताने माझा हात दाबून “गॉड ब्लेस यू” म्हणाला. मला वाटलं, बिचारा! याला कुणी सांगणारा मेहुणा नसावा.

परतताना भाऊजींना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मी निरोप ठेवला, “भाऊजी, फसवत होते तुम्हाला. पण काळजी करू नका. मी सांभाळलंय.”

हा निरोप त्यांनी ऐकलाच नाही. ते गाडीत इतो-सानना आज काय खायचं आहे त्याचं वर्णन करण्यात गुंग होते.

घरी आलो तर सगळी तयारी! कढईत लोणी, ताटात पीठ, लिंबाच्या फोडी. पांढऱ्याशुभ्र शर्टातले इतो-सान ताठ बसलेले. भाऊजींनी ॲप्रन बांधून टोपलीचं झाकण उचललं आणि एका खेकड्याने तो ॲप्रनच धरला.

“नंदू, हे काय?”

“दगड आहेत दगड! वाजवून बघा!”

“मऊ कुठायत?”

“परत केले!”

ॲप्रनला लटकलेला खेकडासुद्धा हलायचा थांबला.

“अरे मेल्या!” ताईने कपाळावर हात मारला. “ते मऊच खायचे असतात! वर्षातून थोडेच दिवस मिळतात. अख्खे तळायचे, पायांसकट!”

“पण ताई, आपल्याकडे तर...”

“आपल्याकडे राहिलायस का तू आता?”

भाऊजी स्टुलावर बसले, ॲप्रनला खेकडा तसाच लोंबकळत. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ताईने दाढीवाल्याला फोन केला. मऊ माल संपला होता.

आता पळून जाणं शक्य नव्हतं. (गाडी येत नाही.) मी बाह्या सरसावल्या. “एक तास द्या, भाऊजी. उपाशी नाही उठणार तुमचा माणूस.”

खोबरं भाजलं, तिरफळं टाकली, बारीक पाय कुटून त्यांचा रस गाळून रश्शात घातला. शुभाने नाकाला ओढणी बांधून कांदे चिरले. “लग्नात हे सांगितलं नव्हतं,” एवढंच ती म्हणाली.

इतो-साननी पहिला घोट घेतला. डोळ्यांत पाणी! तिखटाचं की दुःखाचं, विचारायची माझी हिंमत नव्हती. मग त्यांनी नांगी उचलली, ताईने दिलेल्या लाटण्याने फोडली आणि पुढे कुणाशी बोललेच नाहीत. फक्त चोखण्याचा आवाज! शर्ट पांढऱ्याचा पिवळा झाला तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं की ठरलेल्या खेकड्यांचं काय झालं. भाऊजींनी सगळं सांगितलं.

इतो-साननी नांगी खाली ठेवली आणि ते माझ्याकडे वळले. “ऑल? यू रिटर्न्ड ऑल?”

“ऑल,” मी खाली मान घालून म्हणालो.

ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ताईने पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसले आणि भाऊजींना म्हणाले, पुढच्या सीझनला या माणसाला जपानला पाठवा, मी स्वतः बाजारात नेतो. भाऊजींच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदाच रंग आला. मी भीतभीत त्यांच्याकडे पाहिलं.

भाऊजींनी इतो-सानना एकच प्रश्न विचारला. “तुमच्या बाजारात, एकदा दिलेला माल परत घेतात का?”

“नेव्हर,” इतो-सान म्हणाले.

“मग खुशाल घेऊन जा याला!” भाऊजी म्हणाले आणि त्यांनी रस्सा वाढून घेतला.