विहिरीच्या वाटेवरच्या दूर्वा

तुमच्याकडे परसातल्या फरशीच्या फटींत गवत उगवलं, की त्यावर औषध शिंपडतात, असं तुम्ही लिहिलंत. मला हसू आलं. रत्नागिरीच्या आमच्या घरी मी दगडांच्या फटींत मुद्दाम झाडं लावली होती. त्यावरून तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, आणि माझं काय झालं ते तुम्हांला सांगते.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची वाट होती. पावसाळ्यात मधली माती वाहून जाई आणि चिरे डुगडुगत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आई (सासूबाईंना आम्ही आईच म्हणत असू) अशाच एका हलत्या चिऱ्यावरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांच्या हातात देवाच्या पाण्याची कळशी होती. हे पाणी सोवळ्यात, आपल्या हातानं शेंदून आणायचं, हा त्यांचा या घरात आल्यापासूनचा नेम. मनगट जुळलं. पण मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, सांगून टाकलं, "पुढच्या पावसापासून देवाचं पाणी सूनबाई आणील. तू विहिरीकडे फिरकायचं नाहीस."

आई मागच्या दारी येऊन मला म्हणाल्या, "तू आणशील गो, चांगलं आणशील. पण मग मी देवांपुढे काय पाहुणीसारखी बसू?"

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक माहेराहून बरोबर आणलं होतं. त्यात एका दगडी वाटेचं चित्र होतं आणि दगडांच्या सांध्यांतून जमिनीसरशी पसरणारी बुटकी झाडं. मुळं माती धरून ठेवतात आणि माती दगड धरून ठेवते, असं खाली लिहिलेलं. त्यांची झाडं आपल्याकडे मिळणारी नव्हती, पण तत्त्व पटण्यासारखं होतं. पुढच्या पावसाच्या आत वाट घट्ट करायची, असं मी ठरवलं.

पाऊस सरला. आई थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी, वेळणेश्वराला गेल्या. मी फटींतलं शेवाळ खरवडून काढलं, लाल माती आणि जुनं शेणखत ठासून भरलं आणि त्यात दूर्वा लावल्या. सरपटत जाणाऱ्या, पेरापेराला मुळं सोडणाऱ्या, पायाखाली गेल्या तरी न मरणाऱ्या. आई परत आल्या तेव्हा प्रत्येक चिऱ्याला हिरवी किनार आली होती.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, सोवळं नेसून, कळशी घेऊन त्या दारात आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

"सूनबाई, हे काय लावलंस?"

"दूर्वा. तुडवल्या तरी काही होत नाही त्यांना."

"तुडवल्या तरी! अहो, ऐकलंत का? तुमच्या शिकलेल्या सुनेनं गणपतीच्या दूर्वा वाटेवर अंथरल्यान. मी पाय ठेवू कुठे?"

मी म्हटलं, "आई, रानात आपण दूर्वांवरूनच चालतो की."

"तिथे त्या आपल्या आपण उगवतात. या तू हातानं लावल्यास. लावलेलं तुडवायचं नसतं."

एवढं बोलून त्यांनी निऱ्या वर खोचल्या आणि एका चिऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत विहिरीकडे निघाल्या. येताना भरली कळशी कमरेवर, तरी उड्याच. मामंजी दारात येऊन उभे राहिले होते. मला म्हणाले, "ही पडू नये म्हणून वाट केलीस. आता ही उड्या मारून पडेल."

मुळांच्या बाबतीत माझं बरोबर होतं. झाड तेवढं बदलायला हवं होतं. मी ब्राह्मी सुचवली.

"मुलांना मी ती वाटून देते. पायाखालची देऊ?"

"मग पुदिना?"

"आणि चटणी कशाची करशील?"

शेवटी ओहोळाच्या काठी मला एक झाड सापडलं. पानं बारीक, जमिनीला चिकटून पसरणारं, टाचणीच्या डोक्याएवढी पांढरट जांभळी फुलं. चार काड्या आणून आईंना दाखवल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"कोण जाणे. कोणी काही म्हणत नाही."

"देवाला चालतं?"

"छे."

"औषधाला?"

"माझ्या तरी ऐकिवात नाही."

"मग लावू?"

"लाव. आणि त्या दूर्वा मुळासकट तुळशीपाशी ने, तिथे कोणाचा पाय लागत नाही."

त्याप्रमाणे केलं. उन्हाळाभर विहिरीचं पाणी घातलं. पाऊस लागला तेव्हा वाट जाड सतरंजीसारखी विणून निघाली होती. फक्त चिऱ्यांच्या पाठीवर शेवाळ धरे. ते मी रोज सकाळी नारळाच्या सोडणानं घासून काढी, कारण ते काम कुठलंच झाड करणार नव्हतं.

मुसळधार पावसाच्या एका सकाळी आई कळशी घेऊन निघाल्या. मामंजी छत्री घेऊन दारात उभे होते, पण अडवलं नाही. त्यांची नजर आईंच्या पावलांवर होती आणि माझी चिऱ्यांवर. एकही चिरा हलला नाही. त्या सरळ चालत गेल्या, राहाट वाजला, त्या सरळ चालत परत आल्या.

"आलं का पाणी?" मामंजींनी विचारलं.

"आलं. आणि मीही आले."

देवाच्या पाण्याचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

पुढे एका आषाढात पावसानं जास्वंद आणि तगर पार झोडपून काढली, पूजेला फूल म्हणून उरलं नाही. आई विहिरीवरून येताना वाकल्या आणि वाटेवरच्या त्या बारीक फुलांकडे त्यांचा हात गेला.

मी दारातून ओरडले, "आई, आज हे देवाला वाहिलंत, तर उद्यापासून परत उड्या!"

हात तिथेच थांबला. कळशी सावरीत त्या सरळ झाल्या. "बरी आठवण केलीस गो," म्हणाल्या.

त्या दिवशी देवांना नुसती तुळस मिळाली.