दत्ताला फिट येत नाहीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. दत्ताला तर — थांबा, त्याच्याकडे येतोच. तुम्ही जवळचे आहात असं धरून बोलतो. मध्येच अडलो तर अडू द्या.

जालन्यात मस्तगडला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी येतात, मी नवी तार भरून देतो. दत्ता, कैलास आणि मी, आयटीआयपासूनचे तिघं. दत्ता एमआयडीसीत लोखंडी सळयांच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होता. रविवारी तिघं तळ्यावर जायचो, तीन दगड मांडून काहीतरी शिजवायचो, दिवसभर लोळायचो. तिशी ओलांडली तरी तेच. मग कैलासचं लग्न झालं. सुरुवातीला आला, नंतर बायकोचा दवाखाना, नंतर प्लॉट, नंतर पोरगी. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण मला तो मेल्यासारखा वाटला. खरंच सांगतो.

मला लग्नाची भीती वाटायची. हसाल तुम्ही, एवढा बाप्या माणूस. घरचे मुली दाखवायचे. मी एकीची उंची काढायचो, दुसरीचं शिक्षण. खरं कारण वेगळंच. समोर मुलगी येऊन बसली की वाटायचं — संपलं, आता इथून पुढचं सगळं ठरलं. कुणीतरी आपल्या भरवशावर जगणार, हेच झेपत नव्हतं. आणि घरी तोंडावर फेकायला एक उत्तर होतं माझ्याकडे: दत्ताचं तरी कुठं झालंय? त्या उत्तरावर मी कितीतरी वर्षं काढली. दत्ता माझा आडोसा होता.

मग दत्ताचं जमलं.

अंबडकडची मुलगी, डी.एड. केलेली. मिलमधून सुटला की तो दुकानात येऊन बसायचा. तिच्याबद्दल बोलायचा नाही, नुसता मधूनच हसायचा. खोली भाड्यानं घेऊन ठेवली होती. भिंतींना रंग कुठला द्यायचा, तेही मलाच विचारलं. मी म्हणालो, निळा.

सुपारी फुटायच्या आधी मुलीचा भाऊ दुकानात आला. एकटाच. आमच्याकडे अशी चौकशी करतातच, त्यात वावगं काही नाही. उसाच्या कामावरून थेट आला असावा, पायाला माती होती. उभ्यानंच पाणी प्यायला. म्हणाला, "तुम्ही त्यांचे जवळचे. मला एकच बहीण हाय, दादा. काई असंल तं आत्ताच सांगा."

काय सांगायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. मी काय सांगितलं, ते ऐका.

त्या उन्हाळ्यात दत्ता भट्टीपाशी चक्कर येऊन पडला होता. मिलमध्ये असं होतं — आगीसमोर माणूस किती टिकणार? मीठ-साखरेचं पाणी पाजलं, सावलीत बसवलं, उठला. एवढंच होतं ते. मी तार गुंडाळत होतो. मान वर न करता म्हणालो, "पोरगा लई चांगला. फक्त ते फिटचं तेवढं... पण गोळ्या चालू हायेत त्याच्या."

"कसल्या फिट?"

"तुम्हाला म्हाईत न्हाई? मंग मी बोललो असं सांगू नका."

कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. मी प्यालेलोही नव्हतो. तो गेल्यावर मी ती मोटार पूर्ण केली, चालवून पाहिली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली. आणि मला — हे बोलायला जड जातंय — मला मोकळं वाटलं.

सोयरीक मोडली. कारण कुणी सांगितलं नाही. पण असल्या गोष्टी सोयऱ्याधायऱ्यांत फिरतात. पुढची स्थळं यायची आणि विरायची. शेवटी दत्ताच्या मामानं त्याला कारण सांगितलं. मी घाबरलो होतो — आता हा चिडेल, कुणी सांगितलं ते शोधून काढेल. तो चिडलाच नाही. माझ्यासमोर बसून म्हणाला, "म्हंजे भट्टीपाशी पडल्तो, ती फिट होती का रे?"

मी म्हणालो, "एकदा दाखवून घे."

संभाजीनगरला मीच घेऊन गेलो त्याला. डॉक्टर म्हणाले काही नाही. पण एकदा मनात बसल्यावर डॉक्टरचं कोण ऐकतो? भट्टीपुढं उभं राहायचं म्हटलं की तो मागं सरायला लागला. त्यानं मिल सोडली. गाडी चालवणं सोडलं. आता एका बियाण्याच्या गोदामाच्या गेटवर बसतो.

आणि मी? वडील आजारी पडले, उत्तरं संपली, मी लग्न केलं. माझ्या लग्नात सगळी धावपळ दत्तानं केली. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं भ्यालो, ती काय निघाली सांगू? पोरीचा ताप. संपत आलेलं सिलिंडर. भांडण, मग जेवण, मग झोप. एवढंच. एवढ्यासाठी मी दुसऱ्याचं होऊ दिलं नाही.

पण मी सांगायला बसलो ते हेही नाही. ते पुढं आहे.

गेल्या वर्षी परतूरकडचं एक स्थळ कळलं. नवऱ्यानं सोडलेली बाई, शिवणकाम करते, स्वभावानं शांत. मीच दत्ताला तयार केलं, मीच सोबत गेलो. तिच्या वडिलांना दत्ता पसंत पडला. चहा झाला. तारखेपर्यंत बोलणं आलं. तेव्हा दत्तानं कप खाली ठेवला.

"एक सांगायचं राह्यलं, काका. मला फिटचा आजार हाय. लपवून करायचं न्हाई मला."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का हे?"

एक वाक्य पुरलं असतं. नाही काका, त्याला काही झालेलं नाही, ते मी उठवलं होतं. दत्ता शेजारी बसला होता, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणालो, "आता बरंच कमी हाय म्हणा."

या वेळी मी तिशीतला घाबरट पोरगा नव्हतो. बायको-पोरीचा माणूस होतो. पिकलेल्या केसांचा.

ती बाई आतल्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. बाहेर आली, कप उचलले, आत गेली. निघताना म्हातारा म्हणाला, विचार करून कळवतो. त्यांचं कळवणं आलं नाही.

परतीच्या एसटीत दत्ता खिडकीपाशी बसला होता. म्हणाला, "बरं झालं सांगून टाकलं. न्हाई तं दुसऱ्यांदा वाटोळं झालं असतं तिचं."

मी "हो" म्हणालो.

जालना येईपर्यंत तो झोपला होता. मी जागा होतो. त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगेन, असंही वाटत नाही.