या वर्षी आमच्याकडे फराळ नाही

मी वाचायला शिकले ती फराळाच्या डब्यांच्या तळाशी. बाबा चिंचपोकळीच्या एका छोट्या छापखान्यात मशीन चालवायचे आणि युनियनची पत्रकं दारोदार वाटायचे. शाई फाकलेली, तिरकी छापली गेलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि आई ती डब्यांच्या तळाशी घालायची. चिवडा संपत आला की खालून अक्षरं वर यायची. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मी शाळेत जायच्या आधी ओळखत होते. शेंगदाणा बाजूला सारायचा आणि पुढचा शब्द वाचायचा. 'एकजूट' या शब्दाला माझ्यासाठी अजून हळदीचा वास आहे.

अशी वाढलेली मुलगी पुढे पत्रकं लिहायला लागली, यात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. लालबागमधल्या भाडेकरूंसाठी लिहिलं, झाडूवाल्या बायकांच्या हजेरीसाठी लिहिलं, परळच्या एका दवाखान्यातल्या आयांना सुट्टी मिळत नव्हती तेव्हा रात्रंदिवस त्यावरच बोलले. आमच्याच घरात एक बाई दिवाळीच्या आधी दहा दिवस पहाटे साडेचारला उठून कामाला लागायची. तिच्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. तिनं केलेल्या चकल्या खात खात मी बाकीच्यांच्या सुट्ट्या मागत होते.

आईला दरवर्षी भाऊबीज झाली की ताप यायचा. इतका नेमाचा, की आम्ही त्याला दिवाळीचा सहावा दिवस म्हणायचो आणि हसायचो. आईही हसायची. अंग मोडून आलेलं असायचं आधीपासूनच, पण ती ते थोपवून धरायची. पाहुणे गेले, डबे भरले, ताटं पोचली, की मग गोधडी घेऊन आडवी व्हायची. या वर्षी मात्र तापानं तिचं ऐकलं नाही. दिवाळीच्या दहा दिवस आधी तो आला आणि तो डेंग्यू होता.

दोन रात्री हॉस्पिटलात काढल्या. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी, चाळीतला आमचा सगळा मजला जेवून झोपला होता तेव्हा, आम्ही तिला टॅक्सीनं घरी आणलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की पेशी वर येतायत, पण पंधरा दिवस उभं राहून काम करायचं नाही, चक्कर येऊन पडली तर पुन्हा इथंच आणावं लागेल. मी खोलीचं दार लावून घेतलं, मच्छरदाणी बांधली आणि कोणालाही आत सोडायचं नाही असं ठरवलं. आईनं खाटेवर टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न विचारला तो चकलीची भाजणी गिरणीतून आणली का हा.

मी म्हणाले, या वर्षी फराळ होणार नाही. बाबा म्हणाले, दादरहून तयार आणू. आईनं आम्हा दोघांकडे अशा नजरेनं पाहिलं की बाबांनी विषय सोडला. या मजल्यावर चाळीस वर्षं ताटांची देवाणघेवाण चालू आहे. त्यात कोणी विकतची चकली ठेवली, तर पहिल्या तुकड्यालाच कळतं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत बोललं जातं.

दुसऱ्या दिवशी मी खाली औषधं आणायला गेले होते. बाबा पाणी भरत होते. दहा मिनिटं गेली असतील. वर आले तर कढईतल्या तेलाला धूर सुटलेला आणि आई खाली, ओट्याला पाठ लावून, पाय पसरून बसलेली. मांडीवर परात आणि परातीत डब्यात उरलेली भाजणी. तिची मूठ पिठात तशीच राहिली होती.

"बसले जरा," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती बसली नव्हती, पडली होती आणि पडता पडता तिनं परात सांभाळली होती. दोन वीत इकडे पडली असती तर कढई अंगावर आली असती. आम्ही तिला उचलून खाटेवर ठेवलं तेव्हा तिचं म्हणणं एवढंच, की लोकांची ताटं आली आणि आपल्याकडून काही गेलं नाही, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ताटं आलीच नाहीत तर? मी विचार केला. मग उठायचं कारणच उरणार नाही.

मी कागद घेतला. पहिला मसुदा दीड पान झाला. त्यात घरकाम होतं, सण होते, बाईचा घाम होता, तीनदा 'कधीपर्यंत' होतं. बाबांनी चष्मा चढवून वाचला आणि पेन मागितलं. छापखान्यातल्या माणसाला लांब पत्रक सहन होत नाही. त्यांनी खोडत खोडत तो दोन ओळींवर आणला: 'या वर्षी आमच्या घरी फराळ होणार नाही. कृपया ताट पाठवू नये.' खाली खोलीचा नंबर.

"कारण घाल," बाबा म्हणाले. "आई आजारी आहे, एवढं तरी."

मी नाही म्हणाले. हट्टानं नाही म्हणाले. बाईनं कढईसमोर उभं राहायला नकार द्यायचा तर त्यासाठी तिच्या रक्ताचा रिपोर्ट कशाला दाखवायचा? धडधाकट असती तर नकार द्यायचा हक्क नव्हता का तिला? बाबांनी खांदे उडवले. मी कोपऱ्यावर झेरॉक्स काढल्या आणि संध्याकाळी दोन्ही मजल्यांवरच्या बावीस दारांखालून एकेक कागद सरकवला. चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यावर सकाळपासून पणत्यांचे फोटो येत होते, माझी दोन वाक्यं त्यात कोणी वाचली नसती. आणि खरं सांगायचं तर मला कागदच हवा होता.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी पहाटे जाग आली ती शांततेनं. आमच्या दारासमोर एकही फटाका वाजला नाही. मुलं गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. मी दार किलकिलं करून पाहिलं, तर आमच्या दारापुढचा, सगळ्या मजल्यानं मिळून लावलेला कंदील कोणीतरी उतरवून पलीकडे नेला होता. मला गंमत वाटली. थोडा अभिमानही वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पत्रकाचा एका रात्रीत परिणाम दिसत होता.

आठच्या सुमाराला दारावर हलकी थाप पडली. तीन दारं सोडून राहणाऱ्या काकू होत्या. दिवाळीच्या सकाळी त्या नेहमी जरीच्या साडीत असतात. आज घरातली, धुऊन विटलेली साडी. हातात झाकलेलं ताट. त्यांनी ते उंबऱ्याच्या आत ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे टिपले. मी काही विचारणार तेवढ्यात मच्छरदाणीतून आईचा आवाज आला, कोण आलंय गो?

काकूंनी दाराची चौकट धरली. त्या चौकटीला धरूनच हळूहळू खाली बसल्या.

"अगं मेले," त्या मला म्हणाल्या, "आईला जिवंत ठेवून फराळ नाही म्हणून कागद वाटतेस?"

मग मला आठवलं. आमच्याकडे वर्षभरात ज्या घरात कोणी गेलं असेल, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. त्या घरानं फराळ करायचा नसतो, शेजारपाजाऱ्यांनी आणून द्यायचा असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी अशा घरांत मी स्वतः झाकलेली ताटं नेऊन दिली होती. पण मी कामाच्या वाटणीबद्दल लिहीत होते, मरणाचा विचार त्यात कुठं नव्हता. आणि ज्या एका ओळीनं सगळं स्पष्ट झालं असतं, ती मीच तत्त्वासाठी गाळली होती.

काकूंनी बाकीचं सांगितलं. आईला हॉस्पिटलात नेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, परत आणलेलं कोणी पाहिलं नव्हतं. दोन दिवस दार बंद. मग तो कागद. खालच्या मजल्यावर ठरलं होतं की ती गेली आणि तिला हॉस्पिटलातूनच परस्पर गावाला नेलं असणार. काहींच्या मते गावचा मामा गेला होता. विचारायचं कसं, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. ताट पाठवू नये असं लिहिलंय त्याचं काय, असं मी म्हणाले. काकू म्हणाल्या, दुःखातलं माणूस लिहितंच तसं, म्हणून काय द्यायचं नाही?

काकू गेल्या त्या गॅलरीभर बातमी सांगत गेल्या असणार. पण ताटं आधीच निघाली होती. दहा वाजेपर्यंत आमच्या ओट्यावर सात ताटं झाली. सात तऱ्हेच्या चकल्या, सात तऱ्हेच्या करंज्या. आणि आई खाटेवर उठून बसली होती, पाय खाली सोडून.

"सुतकाच्या घरातलं ताट रिकामं परत गेलं तर कोण मनाला लावून घेत नाही," ती म्हणाली. "पण मी जिवंत आहे ना? आता ही रिकामी धाडलीस, तर माझं सुतक तूच पाळलंस. सर बाजूला."

"तू उभी राहणार नाहीस."

"मग भर ती ताटं. कशानं भरतेस?"

तिनं मच्छरदाणीची कड बाजूला सारली. ती उठणार होती. डॉक्टरांनी, मी, बाबांनी काहीही म्हटलं असतं तरी उठणार होती, कारण मी तिला माघार घ्यायला जागाच ठेवली नव्हती. मला चकली येत नाही. भाजणी मळायला पाणी किती घालायचं तेही मी कधी शिकले नव्हते, आणि या एका दिवसात शिकून सात ताटांचा फराळ करून मोकळं व्हायचं, हे मला मान्यही नव्हतं. मग कालपर्यंत मी काय सांगत होते?

गॅसवर एक पातेलं होतं. त्यात आईसाठी कुळथाची पिठी करायला मी पाणी ठेवलं होतं. कुळथाचं पीठ गावाहून येतं. आजारपणात आमच्याकडे तेच, भाताबरोबर. मला तेवढंच नीट येतं.

मी म्हणाले, पिठी पाठवू.

आईला वाटलं मी चेष्टा करतेय. दिवाळीच्या दिवशी, करंज्यांच्या ताटात पिठी? मी म्हणाले, आजाऱ्याच्या घरात आज जे शिजलं, तेच जाईल. आपल्या घरात माणूस आजारी आहे, मेलेलं नाही, हे लोकांना कळायला आणखी काय पाठवायचं? पुन्हा कागद वाटू का?

"कागद नको," ती घाईनं म्हणाली.

तिनं पाय वर घेतले आणि उशीला टेकली. "मोठं पातेलं घे," ती म्हणाली. "लसूण ठेचून घाल, कापू नको. आणि पीठ आधी थंड पाण्यात कालव, नाहीतर गुठळ्या होतील आणि त्या माझ्या नावावर जातील."

बाबा खोबरं खवायला बसले. फोडणीचा वास सुटला, कोकमं पडली, खाटेवरून हुकूम येत राहिले. सात ताटांत सात वाट्या भरल्या. आता ती न्यायची होती, आणि बाबांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या चाळीत ताटं बायका नेतात, नाहीतर मुली. पुरुषानं ताट नेलेलं मी पाहिलेलं नाही.

"तुम्ही न्या," मी म्हणाले.

"मी काय सांगू दारात उभा राहून?"

"चाळीस वर्षं दारोदार पत्रकं वाटलीत. तेव्हा काय सांगत होता?"

आई खाटेवर हसली. आजारपणातलं तिचं पहिलं हसू. बाबांनी शर्ट बदलला, केस विंचरले, पहिलं ताट उचललं आणि ते दोन्ही हातांनी, सांडेल या भीतीनं छातीशी धरून निघाले. आम्ही दोघी ऐकत होतो. एकेका दाराशी त्यांचा आवाज थांबायचा. "बरी आहे. झोपून आहे. डेंग्यू झालाय. नाही, उठायचं नाही तिला. पिठी आहे, मुलीनं केली." चौथ्या दारापर्यंत त्यांचा आवाज मोकळा झाला होता, सहाव्याशी तर ते मसाला समजावून सांगत होते. आईनं डोळे मिटले होते, पण ती दारं मोजत होती. सातवं झालं तेव्हा तिनं कूस बदलली.

वाट्या आमच्या होत्या, आणि त्याही रिकाम्या परत येणार नव्हत्या. पाडव्याला एकीतून मऊ भात आला, दुसरीतून मुगाची खिचडी. तिखट तळलेलं आजाऱ्याला काय कामाचं, हे सगळ्यांना एकदम सुचलं होतं. कोपऱ्यावरच्या खोलीतली ख्रिश्चन आंटी दरवर्षी नाताळचं ताट पाठवते. तिला पिठीची वाटी गेलीही नव्हती, तरी तिनं कोंबडीचं पातळ सूप आणून दिलं आणि मला दारातच सुनावलं, की पुढल्या वेळी कोण जिवंत आहे तेवढं लिहीत जा. कंदील परत आमच्या दारापुढे आला. भाऊबीजेपर्यंत आई एकदाही ओट्यापाशी उभी राहिली नाही, आणि भाऊबीजेनंतर तिला ताप आला नाही.

चाळीत अजून माझ्या पत्रकावर हसतात. हसू देत. कारण गाळलं ही चूक माझी आणि मी ती कबूल करते. पण फराळ नाही, हे वाक्य मी मागे घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही.

आलेला फराळ डब्यांत भरताना आईनं खाटेवरून विचारलं, तो कागद एखादा उरलाय का. झेरॉक्सवाल्यानं तीन जास्त दिले होते. "डब्याच्या तळाशी घाल," ती म्हणाली. मी घातला, छापलेली बाजू वर ठेवून. त्यावर सात घरांचा चिवडा ओतला. झाकण लावताना ती म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी लिहिशील तेव्हा आधी मला दाखव."